जनावरांपासून होणारे प्राणघातक अपघात व ते टाळण्याचे उपाय

शेतकरी व त्याचें जनावर यांचा संबंध इतका जुना व इतका निकटचा आहे कीं, त्या जनावरापासून आपल्या जिवास धोका असूं शकेल ही गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. साप, विंचू, वीज यांस आपण भितों. परंतु रोज सकाळीं ज्याच्यापुढें आपण वैरण टाकतों व ज्याच्या पाठीवरून हात फिरवितों, तो चार-साडेचारशें किलो वजनाचा बैल आपणास भिंतीशीं दाबून टाकील अशी शंका आपणास शिवत नाहीं. ही निर्धास्तताच बहुतेक अपघातांचें पहिलें कारण होय, असें आमचें मत आहे.

आमची उमेद महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. गांव नमुना सहा-क ह्या वारसनोंदवहींत मयत खातेदाराचें नांव, मृत्यूची तारीख व वारसांचीं नांवें लिहितात. मृत्यु कशानें आला हें लिहिण्यास तींत रकाना नाहीं. परंतु विधवा बाई लहान मुलांस घेऊन कचेरींत उभी राहिली म्हणजे ती गोष्ट आपोआपच कानावर येते. 'बैलानें शिंग मारलें', 'म्हशीनें फरपटत नेलें', 'गाडी अंगावरून गेली' अशीं उत्तरें आम्हीं अनेकदां ऐकलीं, आणि त्यांच्यामागून 'त्याचें आयुष्यच तेवढें होतें' हें वाक्यही ठरलेलें असे. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनीं असें म्हणून मनाची समजूत घालावी हें योग्यच आहे. परंतु जिवंत असलेल्यांनीं दैवाकडे बोट दाखविण्यापूर्वीं दावें कसें बांधलें होतें, दरवाजा कोठें होता व जनावर अगोदर कोणावर धांवलें होतें काय, हें विचारिलें पाहिजे. हा लेख त्यासाठींच आहे.

२०१९ सालच्या पशुगणनेप्रमाणें आपल्या राज्यांत सुमारें १ कोटी ४० लाख गाई-बैल व ५६ लाख म्हशी-रेडे आहेत. इतक्या जनावरांत रोज वावरावयाचें तर अपघात मुळींच होणार नाहींत असें नाहीं. परंतु ते कसे होतात ह्याला कांहीं एक नियम आहे. अमेरिकेंतील आयोवा, कॅन्सस, मिसूरी व नेब्रास्का ह्या चार राज्यांत २००३ ते २००८ ह्या काळांत गाई-बैलांपासून झालेल्या २१ मृत्यूंची तेथील सरकारी आरोग्यखात्यानें छाननी केली. त्यांपैकीं १० मृत्यु वळूंच्या हल्ल्यानें झाले होते. एक सोडून बाकी सर्वांस डोक्यावर किंवा छातीवर मार बसला होता. आणि सर्वांत मननीय गोष्ट ही कीं, सुमारें एक-तृतीयांश मृत्यु ज्या जनावरांनीं घडविले, तीं मारकीं आहेत हें अगोदरच ठाऊक होतें. तेथील शेती निराळी, गोठे निराळे; परंतु हा शेवटचा मुद्दा आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें आपल्या गांवापुरता पडताळून पाहावा.

जनावर कसें पाहतें व ऐकतें

'साहेबाच्या पुढून व घोड्याच्या मागून जाऊं नये' अशी म्हण आहे. तिच्या पूर्वार्धाचा अनुभव आम्हांस नोकरींत पुरेसा आला. उत्तरार्धाचें कारण येथें सांगतों. बैल, म्हैस व घोडा यांचे डोळे माणसासारखे समोर नसून डोक्याच्या दोहों बाजूंस असतात. त्यामुळें मान न वळवितां बैलास सभोंवारचा सुमारें ३३० अंशांचा प्रदेश दिसतो, व घोड्यास त्याहूनही थोडा अधिक. परंतु शेपटीच्या बरोबर मागील पट्टा त्यांस मुळींच दिसत नाहीं. त्या पट्ट्यांतून कोणी न बोलतां आलें व एकाएकीं अंगास हात लाविला, तर जनावर आधीं लाथ मारतें व मग वळून पाहतें. मालकास मारावें असा त्याचा हेतु नसतो. मागून वाघ आला असावा ह्या समजुतीनें तें वागतें.

घोडा बहुधा सरळ मागें लाथ झाडतो. गाय-म्हैस मात्र पाय पुढें आणून बाजूस फेकते. म्हणून धारेस बसलेला मनुष्यही तिच्या टप्प्यांत असतो. घोड्याच्या मागून जाणें भागच असेल तर दहा फूट अंतर ठेवून जावें, नाहीं तर त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून, तोंडानें बोलत, अगदीं अंगालगत जावें. मधलें अंतर सर्वांत घातक, कारण लाथेचा पुरा जोर तेथेंच बसतो. कोणत्याही जनावराजवळ जातांना त्याचें नांव घेऊन, खांद्याच्या बाजूनें, सावकाश जावें.

ह्या जनावरांस समोरच्या वस्तूचें अंतर नीट अजमावतां येत नाहीं. म्हणून जमिनीवरची सावली, चकाकणारें पाणी, वाऱ्यानें फडफडणारा प्लास्टिकचा कागद किंवा अंधाऱ्या गोठ्याच्या दारांतून दिसणारें लख्ख ऊन ह्यांस तीं बुजतात. लाल रंगानें बैल चिडतो ही समजूत मात्र खरी नाहीं. लाल रंग ओळखण्याची सोय त्याच्या डोळ्यांतच नाहीं. तो चिडतो तो कापडाच्या फडफडण्यानें. कानांचें पाहिलें तर माणसास सेकंदास २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो, बैलास ३५,००० कंपनांपर्यंतचा. आपणास साधी वाटणारी शिटी किंवा पत्र्याचा कर्कश आवाज त्यास असह्य होतो.

कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन यांनीं जनावरें हांकण्याच्या शास्त्राचा मोठा अभ्यास केला आहे. प्रत्येक जनावराभोंवतीं एक अदृश्य कडें असतें असें त्या सांगतात. मनुष्य त्या कड्याच्या काठाशीं आला म्हणजे जनावर शांतपणें पुढें सरकतें. तो फार आंत शिरला व जनावरास जाण्यास वाट नसली, तर तें उलटून अंगावर येतें. माणूस जनावराच्या खांद्याच्या मागें उभा राहिला तर जनावर पुढें जातें, खांद्याच्या पुढें आला तर मागें हटतें. हें ध्यानांत ठेविलें तर आरडाओरडा व पराणी ह्यांचें निम्में काम कमी होईल, व त्याबरोबर धोकाही.

मारकेपणाचीं लक्षणें

वळू एकाएकीं मारीत नाहीं. बहुधा तो अगोदर सूचना देतो. तो प्रथम आडवा उभा राहून आपलें सारें अंग दाखवितो, पाठ कमानीसारखी करतो, मान खालीं घालतो, डोळे वटारतो, डुरकतो, खुरानें माती उकरून पाठीवर उडवितो, शिंगें बांधाच्या मातींत खुपसतो. हीं लक्षणें दिसतांच हातांतलें काम टाकून, पाठ न दाखवितां, हळूहळू तिरकें मागें सरावें व झाड, गाडी किंवा भिंत मध्यें घालावी. मोकळ्या रानांत धांवत सुटणें व्यर्थ आहे. बैल माणसाहून जलद धांवतो. जमिनीवर पडल्यास लोळत कुंपणाखालीं किंवा गाडीखालीं जावें.

एकटें वाढविलेलें व माणसाच्या हातावर लाडानें वाढलेलें नर वासरूं मोठेपणीं अधिक धोक्याचें होतें, हें पुष्कळांस विपरीत वाटेल. त्याचें कारण असें कीं, इतर वासरांत न वाढल्यामुळें तें माणसासच आपल्या जातीचा समजूं लागतें व वयांत आल्यावर त्याच्याशींच टक्कर घेऊन पाहतें. मुलें खोंडाच्या कपाळावर हात टेकून त्यास ढकलण्याचा खेळ करतात; तो तात्काळ बंद करावा. लहानपणीं शिकविलेली टक्कर तो दोन वर्षांचा झाल्यावर विसरत नाहीं. जर्सी व होल्स्टीन जातींचे वळू ह्या बाबतींत फार बदनाम आहेत. कृत्रिम रेतनाची सोय झाल्यावर घरोघर वळू पाळण्याचें कारण उरलें नाहीं. जो खोंड पैदाशीसाठीं ठेवावयाचा नाहीं तो वेळीं पशुवैद्याकडून खच्ची करून घ्यावा.

नुकतीच व्यालेली गाय किंवा म्हैस, एरवीं कितीही गरीब असली तरी, कांहीं दिवस तिच्यावर भरंवसा ठेवूं नये. तिच्या व वासराच्या मध्यें उभें राहूं नये, आणि जवळ जातांना कुत्रें बरोबर नेऊं नये. वासरूं उचलून न्यावयाचें असल्यास तें तिच्या नजरेसमोर ठेवून दुसऱ्या माणसानें तिला धरावें.

दोर व गांठ

आतां सर्वांत साध्या व सर्वांत घातक चुकीकडे वळूं. कासरा किंवा दाव्याचें टोंक हातास, मनगटास किंवा कमरेस गुंडाळून घेण्याची खोड आपल्याकडे सार्वत्रिक आहे. म्हैस चारतांना मनुष्य झाडाखालीं बसतो, डोळा लागूं नये म्हणून दोर मनगटास बांधतो, आणि डोळा लागतोच. गांधीलमाशी चावून किंवा कुत्रें अंगावर येऊन म्हैस उधळली कीं दोर आवळतो, व मग सोडावयाचा म्हटला तरी सुटत नाहीं. अशा वेळीं मरण शिंगानें येत नाहीं, फरपटण्यानें येतें. दोर नेहमीं हाताच्या मुठींत घड्या करून धरावा, म्हणजे मूठ उघडतांच तो सुटेल. लहान मुलाच्या हातीं तर मोठ्या जनावराचा दोर देऊंच नये.

खुंट्यास बांधतांना निरगांठ न मारतां, एक टोंक ओढतांच सुटेल अशी सुरगांठ मारावी. गोठ्यास आग लागली किंवा जनावर दाव्यांत अडकलें, तर निरगांठ सोडीत बसलेला मनुष्य जनावराच्या पायांखालीं सांपडतो. गोठ्याच्या दाराशीं एक विळा कायमचा अडकवून ठेवावा. वेसण झिजली असेल तर ती आजच बदलावी. ऐन वेळीं तुटणारी वेसण ही नसलेल्या वेसणीपेक्षां वाईट, कारण तिच्यावर आपण विसंबलेले असतों.

गोठ्याची रचना

आपल्या बहुतेक गोठ्यांस एकच दार असतें व तें जनावराच्या मागल्या बाजूस. गव्हाणीशीं गेलेला मनुष्य भिंत व बैल यांमध्यें सांपडला तर त्यास निघण्यास वाट नाहीं. नवीन बांधकाम करणारांनीं गव्हाणीच्या पुढल्या बाजूनें वैरण टाकण्यास वाट ठेवावी. जुन्या गोठ्यांत, निदान जेथें वळू किंवा मारका बैल बांधतात तेथें, मनुष्य आडवा होऊन निघेल पण जनावराचें डोकें शिरणार नाहीं अशी चौदा ते सोळा इंचांची फट ठेवावी. हा खर्च फार नाहीं.

सुई टोंचणें, पत्री मारणें, शिंगें साळणें, जखम धुणें हीं कामें खोड्याशिवाय करूं नयेत. चार माणसांनीं दोर लावून बैल पाडणें हें शौर्याचें काम वाटतें. परंतु त्यांत पाडणाराच्या छातीवर लाथ बसण्याचा संभव असतो व बैलाचाही पाय मोडतो. प्रत्येक घरीं खोडा असणें शक्य नाहीं. पण प्रत्येक गांवीं एक असणें मुळींच अशक्य नाहीं. शिंगें अणकुचीदार असतील तर टोंकांवर पितळी शेंब्या बसवाव्या; त्यांनीं शोभा येते व घावही उथळ होतो.

गाडी, घोडा व सण

उंसाच्या हंगामांत टायरच्या गाड्यांवर बैलांच्या शक्तीबाहेर भार घालतात. चढावर बैल गुडघे टेकतो व गाडी मागें येते; उतारावर ती बैलांस ढकलीत नेते. गाडीवान पुढल्या टोकावर पाय सोडून बसलेला असतो; तो पडला तर चाकाखालींच पडतो. भार कमी करावा, गाडीस ब्रेक असावा, उतारावर खालीं उतरून बाजूनें चालावें आणि रात्रीं गाडीच्या मागें चमकणारी पट्टी अवश्य लावावी. कारण मागून येणाऱ्या मोटारीस अंधारांत उंसाची गाडी दिसत नाहीं.

घोडे आतां शेतीस फारसे उरले नाहींत. परंतु वरातींत, शर्यतींत, सारंगखेड्याच्या बाजारांत व माथेरानसारख्या ठिकाणीं ते आहेतच. घोड्यावरून पडून येणारा मृत्यु बहुधा डोक्यास मार लागून किंवा पाय रिकिबींत अडकून फरपटल्यानें येतो. म्हणून शिरस्त्राण घालावें, टाच असलेलें पायतण वापरावें व पायाचा चवडाच तेवढा रिकिबींत ठेवावा. वरातीच्या घोड्याच्या पायाशीं फटाके वाजविणें हा तर उघड अविचार होय.

बेंदूर व पोळा हे बैलांच्या सन्मानाचे दिवस. त्या दिवशीं त्यांस विश्रांति मिळावी. परंतु कानठळ्या बसविणारे कर्णे, गुलाल व अनोळखी बैलांची दाटी ह्यांनीं ते बिथरतात. मिरवणुकींत दोन जोड्यांमध्यें पुरतें अंतर असावें, मद्य प्यालेल्या माणसाच्या हातीं कासरा नसावा व मुलें बाजूच्या ओट्यावर असावीं. शर्यतींस सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १८ मे २०२३ रोजीं मान्यता दिली, ती नियम व अटी पाळण्याच्या बोलीवर. तेव्हां प्रेक्षक धांवपट्टीच्या कडेस उभे न करतां मजबूत कठड्याच्या मागें ठेवणें हें भरविणारांचें कर्तव्यच आहे.

जनावर वाचवितांना जाणारे प्राण

कांहीं मृत्यु जनावरानें न मारतां, त्याच्यावरील प्रेमामुळें घडतात. पोळ्याच्या सुमारास बैल धुण्यास तळ्यांत गेलेले तरुण बुडाल्याचीं वृत्तें वारंवार छापून येतात. बैल पोहतो; माणूस खड्ड्यांत सांपडतो. मुरूम काढलेल्या खाणींत व गाळाच्या तळ्यांत बैल नेऊंच नयेत. बादलीनें धुतलेला बैलही तितकाच स्वच्छ होतो. तसेंच, पावसाळ्यांत तुटलेल्या तारेवर म्हैस तडफडत पडली म्हणजे धनी धांवत जाऊन तिला धरतो व तोही जातो, आणि त्यास सोडविण्यास गेलेला मुलगाही जातो. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जनावरास, दाव्यास वा ओल्या जमिनीस स्पर्श करूं नये. म्हैस पुन्हां घेतां येते.

जनावराच्या तोंडांतून लाळ गळते, आवाज घोगरा होतो, गिळतां येत नाहीं, अशा वेळीं घशांत कांहीं अडकलें असावें असें समजून शेतकरी आंत हात घालतो. हें पिसाळ रोगाचेंही लक्षण असूं शकतें, आणि लाळेंतील विष हातावरील बारीक ओरखड्यांतून शरीरांत शिरतें. हा रोग माणसांत एकदां प्रगट झाला म्हणजे त्यावर उपाय नाहीं. अशा जनावराच्या तोंडांत हात न घालतां पशुवैद्यास बोलवावें. लाळ लागलीच असेल तर जागा साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन त्याच दिवशीं दवाखान्यांत लस घ्यावी.

अपघात घडल्यास

बैलानें दाबलेला मनुष्य कित्येकदां उठून बसतो, पाणी मागतो, 'कांहीं झालें नाहीं' म्हणतो, आणि दोन-चार तासांनीं मरतो. यकृत किंवा प्लीहा फुटून पोटांत रक्त सांचत असतें, तें बाहेर दिसत नाहीं. म्हणून छातीवर, पोटावर किंवा डोक्यावर मार बसला असेल तर जखम दिसो वा न दिसो, १०८ क्रमांकावर गाडी मागवून रुग्णालयांत न्यावें. खाण्यापिण्यास देऊं नये. शिंगानें पोट फाटून आंतडें बाहेर आलें असेल तर तें आंत ढकलूं नये. स्वच्छ ओल्या फडक्यानें झांकावें. हळद, राख, तंबाखू कांहींही भरूं नये. धनुर्वाताचें इंजेक्शन अवश्य घ्यावें.

दुर्दैवानें मृत्यु झालाच तर घाईनें अग्नि देऊन मोकळें होऊं नये. राज्यशासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेप्रमाणें १० ते ७५ वर्षें वयाच्या खातेदार शेतकऱ्याच्या, किंवा त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीच्या, अपघाती मृत्यूबद्दल २ लक्ष रुपये मिळतात. परंतु त्यास सातबारा, वारसनोंद, पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, आणि तालुका कृषि अधिकाऱ्याकडे मुदतींत अर्ज करावा लागतो. दुःखाच्या भरांत पंचनामा राहिला तर पुढें तो करतां येत नाहीं, व बाईच्या हातीं कांहीं पडत नाहीं.

मारक्या जनावराचें काय करावें

शेवटीं एका नाजूक प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. जनावर एकदां माणसावर धांवलें कीं धनी तें दोन बाजार सोडून तिसऱ्या बाजारीं नेतो व 'गरीब आहे, पोर धरील' असें सांगून विकतो. घेणारा विश्वासानें घरीं नेतो, आणि त्याच्या घरचें पोर खरोखरच तें धरण्यास जातें. ही फसवणूक पैशाची नसून प्राणाची आहे. मारका बैल विकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. गरिबास तो पोसणें परवडत नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु सांगून विकावा. दोन-चार हजार रुपये कमी येतील. पण दुसऱ्याच्या घरची वारसनोंद आपल्या माथीं येणार नाहीं. जो घेईल तो जाणून घेईल, जोड वेसण घालील, मुलांस दूर ठेवील.

आमची सर्व सभासदांस विनंति आहे कीं, हा अंक खालीं ठेवल्यावर त्यांनीं एकदां गोठ्यांत जाऊन चार गोष्टी पाहाव्या: वेसण व दावीं मजबूत आहेत काय, गांठ ओढतांच सुटते काय, गव्हाणीपासून माणसास निघण्यास वाट आहे काय, आणि घरांतील कोणाकोणास कोणत्या जनावराजवळ जाऊं देऊं नये हें सर्वांस ठाऊक आहे काय. तसेंच आपल्या संस्थेनें पुढील सभेंत गांवोगांवीं एक एक खोडा उभारण्याचा ठराव आणावा. बैल आपलें कष्ट हलके करण्यासाठीं आहे. त्याच्या स्वभावाचा मान राखून वागलें तर तो तें काम इमानानें करील, आणि त्याच्या मागें चालणारा मनुष्यही सायंकाळीं सुखरूप घरीं येईल.